जुन्या गाडीच्या गाद्या

आम्ही दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. आता संसार बर्मिंगहॅमला आहे. या संसारात १९७६ सालची एक फोक्सवॅगन कॅम्परव्हॅनही आहे. तिचे इंजिन मागे, मध्ये लहानशी शेगडी, आणि दिवसा आसन व रात्री बिछाना होणारी एक फळ्यांची घडी. दर उन्हाळ्यात आई भारतातून येतात आणि आम्ही तिघे वेल्सच्या समुद्रकाठी जाऊन राहतो. आईंना चौऱ्याहत्तरावे वर्ष लागले आहे, कंबर दुखते. बिछाना नीट नसेल तर प्रवास बंद, हे स्पष्टच होते, आणि नवी गाडी घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे.

यंदा निघण्यापूर्वी आम्ही नवे कापड निवडत बसलो होतो. आईंनी गादीवर मूठ दाबून पाहिली. "तळ लागतोय. कापड चांगलं आहे की! मेलंय ते आतलं."

खोळ उसवली तेव्हा पिवळी भुकटी जमिनीवर सांडली. ज्या रसायनातून हा पॉलियुरेथेन फोम निघाला, ते ओटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे शोधले. हवा, उजेड आणि ओल यांनी तो हळूहळू विरतो, मग चुरा होतो. वरचे चौकड्यांचे कापड मात्र शाबूत होते. फक्त शिवणीचा दोरा कुजला होता. तेव्हा कापड ठेवायचे आणि आतले बदलायचे, असे ठरले.

फोमच्या दुकानात दोन आकडे सांगतात आणि त्यांत बहुतेकांची गल्लत होते. कठीणपणा म्हणजे बसल्यावर कसे वाटते ते. घनता म्हणजे फोम किती वर्षे टिकेल ते. कठीण पण हलका फोम पहिल्या दिवशी उत्तम वाटतो आणि लवकरच बसतो. आम्ही घनमीटरला ३५ किलोहून अधिक घनतेचा घेतला. घरगुती आसनांच्या फोमला सहजासहजी आग लागू नये, असा ब्रिटनमध्ये १९८८ सालचा नियम आहे; चालत्या गाडीत शेजारी शेगडी असताना तोच फोम घेणे शहाणपणाचे. जाडी मात्र आपल्या इच्छेवर नसते. जुनी गादी चार इंचांची, म्हणून नवीही चार इंचांचीच. जास्त जाड घेतली तर पाठ मिटत नाही, आणि बिछाना पसरल्यावर दोन गाद्यांमध्ये पायरी पडते. दुखऱ्या कंबरेला ती पायरी बरोबर सापडते.

फोम खोळीपेक्षा सेंटिमीटरभर मोठा कापला, म्हणजे कापडाला झोल राहत नाही. भोवती पॉलिस्टरच्या कापसाचा पातळ थर गुंडाळला. चेन मागच्या बाजूला, दोन्ही कोपरे वळून पुढे जाईल इतकी लांब लावली. एरवी फोम आत कोंबताना शिवण फाटते. दोरा पॉलिस्टरचा, टाके लांब. खालच्या प्लायवूडला भोके पाडली, कारण थंड देशात माणूस झोपला की त्याच्या उबेची वाफ फळीवर थिजते आणि गादीच्या पोटाला बुरशी धरते. हे काम कोणी शिकवत नाही, पण ते न केल्यास बाकी सारी मेहनत वाया जाते.

वेल्सला पहिल्या सकाळी आईंनी कंबरेविषयी अवाक्षर काढले नाही. चहा मागितला.

परतल्यावर पुढचे डावे आसन उघडले. आईंचेच ते आसन. रेक्झिनखाली कापूस, खाली तपकिरी जटा, त्याखाली गोणपाट आणि तळाशी स्प्रिंगा. आईंनी ती जट चिमटीत धरून चोळली. "अगं बाई, हा तर काथ्या!"

खरेच काथ्या होता. त्या काळात फोक्सवॅगनच्या आसनांत नारळाच्या काथ्याला रबर लावून केलेले थर घालत. काथ्या हवा खेळू देतो, दाबला की परत उसळतो, पण रबर वाळले की मोडतो. वसतिगृहातल्या आपल्या गाद्याही काथ्याच्याच होत्या. रविवारी त्या अंगणात उन्हाला टाकायच्या, बाहेर आलेली जट आत ढकलायची आणि दाभणाने उसवलेली कड शिवायची; गुरुजी टाके मोजत. दाभण धरायचे वळण आम्हां दोघांच्या बोटांत अजून आहे, याचा पुरावा आम्हांला त्या दिवशी मिळाला. स्प्रिंगांवर नवे गोणपाट ताणून सुतळीने बांधले, मोडलेली एक स्प्रिंग बदलली, वर काथ्याचा नवा थर बसवला. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे असे थर अजूनही पुरवतात. जुनेच रेक्झिन कोमट करून चढवले; गार असते तर ते कोपऱ्यावर चिरले असते.

चालकाचे आसन अजून बाकी आहे. निघालेला काथ्या आईंनी फेकू दिला नाही. टोमॅटोच्या कुंड्यांत घालायचा, असे त्यांचे म्हणणे. त्याला रबर लागलेले आहे, तो कुजणार नाही, असे आम्ही सांगून पाहिले. सध्या तो पोत्यात भरून मागच्या खोपटात ठेवला आहे, आणि फोनवर त्याची चौकशी होत असते.