पानगळीआधीचा बर्फ

२०११ सालचा ऑक्टोबर आम्ही न्यू जर्सीत मुलीकडे काढला. दिवाळी २६ तारखेला झाली. दारातील रांगोळी पुसण्यापूर्वीच, २९ तारखेला, बर्फ पडला! मेपलची पिवळी-शेंदरी पाने अजून झाडांवरच होती. हिवाळ्यात उघड्या फांद्यांवर बर्फ फारसा टिकत नाही. येथे तो ओला, जड बर्फ पानांनी झेलला आणि फांद्या कडाकड मोडून विजेच्या तारांवर कोसळल्या. ईशान्य अमेरिकेत तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली.

३१ तारखेचा हॅलोविन अनेक गावांनी पुढे ढकलला. भुतांनाही मुहूर्त बदलून मिळतो, याचे मला हसू आले. नातवाला मात्र रडू. भुताचा पांढरा झगा घालून तो मेणबत्तीपाशी बसून राहिला. बाहेर कोरलेल्या भोपळ्यावर बर्फाची टोपी चढली होती. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरीत असत, अमेरिकेत त्याचा भोपळा झाला. कंदमूळ सुटले, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना केवढे समाधान!

चार दिवसांनी वीज आली आणि मुलांची फेरी निघाली. नातवाने भरलेली पिशवी टेबलावर ओतली. मुलगी एकेका वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचू लागली. जिलेटिनच्या गोळ्या, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांचा अंश असलेल्या, बाजूला. ढीग निम्म्यावर आला. नातू काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने झग्याच्या खिशातून अस्वलाच्या आकाराची एक गोळी काढली आणि हळूच त्या बाजूच्या ढिगात ठेवली.