ॲप बनवणाऱ्यानं एकदा आपल्या वावरात यावं



वस्तू बनवणाऱ्यानं स्वतःला ती वापरणाऱ्यांत धरावं का? मोठ्या कंपन्यांत यावर चर्चा होत असेल. आपल्या कुंभार पिंपळगावात हा सरळ पैशाचा प्रश्न आहे. ई-पीक पाहणीचंच घ्या.

आधी पिकाची नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ते काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर आलं. कल्पना चांगलीच आहे, आपलं पीक आपणच नोंदवायचं. पण नोंद राहिली तर काय होतं, ते २०२३ च्या खरिपाच्या मदतीत दिसलं. कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५००० रुपये, २ हेक्टरपर्यंत. सुरुवातीला अट होती ई-पीक पाहणीची. वावरात कापूस होता, पण ॲपमध्ये नव्हता, असे कितीतरी शेतकरी यादीबाहेर राहिले. ओरड झाली, मग २०२४ मध्ये अट शिथिल करून सातबाऱ्यावरची नोंद धरली गेली.

म्हणून वाटतं, असं ॲप बनवणाऱ्यानं ते स्वतः वापरलंच पाहिजे, आणि तेही वावरात. ऑफिसात वायफाय असतं, चार्जिंग असतं. इथं भर पावसाळ्यात चिखल तुडवत गटात जायचं, रेंज शोधायची, लोकेशन लागेपर्यंत थांबायचं आणि मग पिकाचा फोटो काढायचा. हे एकदा स्वतः केलं की काय बदलायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

पण तेवढ्यानं भागत नाही, आणि खरी गोम इथंच आहे. माझंच बघा. मला वाचता येतं, टाईप करता येतं, माझा गट नंबर पाठ आहे. मी ॲप बनवलं असतं तर छातीठोकपणे म्हणालो असतो, 'सोप्पं आहे की!' शेत आजीच्या नावावर, फोन नातवाकडे आणि नातू कामाला पुण्यात, अशा घराचं काय? बनवणाऱ्याला कोणतं बटण कुठं आहे ते आधीच माहीत असतं, त्यामुळं त्याला अडचण दिसतच नाही. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय या ॲपमध्ये आहे. अशी सोय स्वतःकडे बघून सुचत नाही, दुसऱ्याच्या घरात डोकावावं लागतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. जेमतेम दीड एकराचा शेतकरी. १९८३ मध्ये स्वतःच्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडून लावल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. स्वतः पिकवणारा होता म्हणून त्याला त्या लोंब्या दिसल्या. पण वाण टिकलं ते दुसऱ्यांच्या वावरात पिकलं म्हणून.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या खरिपाआधी शेतकऱ्यांसाठी ॲप बनवणाऱ्यांनी दोन दिवस घनसावंगी तालुक्यात काढावेत. पहिल्या दिवशी साधा, जुना फोन घेऊन स्वतः नोंद करावी. दुसऱ्या दिवशी फोन एखाद्या आजीच्या हातात द्यावा आणि मधे न बोलता नुसतं बघावं.

तुमची नोंद कोण करतं? स्वतः, पोरगं, की पैसे देऊन दुसरं कुणी? कमेंटमध्ये लिहा.