मिसरी भाषेची कहाणी

पवित्र शास्त्राच्या तासाला आम्ही एकदां योसेफाची गोष्ट वाचीत होतों. दुष्काळानें गांजलेले भाऊ धान्यासाठीं मिसर देशांत आले आहेत, समोरचा अधिकारी आपलाच भाऊ आहे हें त्यांना ठाऊक नाहीं, आणि योसेफ त्यांच्याशीं दुभाष्याच्या द्वारें बोलत आहे, हा प्रसंग चालला होता. इतक्यांत मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “सर, योसेफ तेथें कोणती भाषा बोलत असेल? ती आज कोणी बोलतें का?” मीं तत्काळ सांगितलें, “मिसरी भाषा. ती केव्हांच मेली.” आणि धडा पुढें चालू केला. उत्तर अगदींच खोटें नव्हतें. परंतु तें इतक्या घाईनें दिलें होतें कीं, घरीं गेल्यावर माझें मलाच तें टोंचूं लागलें. म्हणून त्या विषयावरील ग्रंथ मिळवून वाचले. जें कळलें तें त्या विद्यार्थ्याला सांगितलेंच. तेंच येथें सर्वांसाठीं लिहीत आहें.

मिसरी भाषा ही हिब्रू व अरबी या भाषांची दूरची नातलग होय. तिचे अगदीं पहिले लेख ख्रिस्तपूर्व सुमारें ३२०० या काळचे आहेत. इतक्या दीर्घ आयुष्यांत ती एकसारखी कशी राहील? पंडित तिच्या आयुष्याचे पांच भाग पाडतात : जुनी, मध्य, उत्तर, डेमॉटिक आणि कॉप्टिक. ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमाराची मध्य मिसरी ही पुढें ग्रांथिक भाषा ठरली. लोकांच्या तोंडची बोली पालटली, तरी देवळांच्या भिंतींवर तिचेंच वळण शतकानुशतकें राखलें गेलें. आपल्याकडे प्राकृत बोलणाऱ्या लोकांतही संस्कृताचा मान टिकून राहिला, तसाच हा प्रकार.

बोली कशी पालटत गेली याचें एक उदाहरण देतों. प्राचीन मिसरी लोक केवळ व्यंजनें लिहीत, स्वर लिहीत नसत. ‘भाऊ’ या अर्थीं ते ‘स-न’ लिहीत आणि ‘बहीण’ या अर्थीं ‘स-न-त’. शेवटचा ‘त’ हें स्त्रीलिंगाचें चिन्ह. कालांतरानें हा ‘त’ उच्चारांतून गळून पडला. पुढें नामापूर्वीं लहान शब्द जोडण्याची रीत पडली. पुल्लिंगापूर्वीं ‘प’, स्त्रीलिंगापूर्वीं ‘त’. म्हणून कॉप्टिक भाषेंत भाऊ म्हणजे ‘प्सोन’ आणि बहीण म्हणजे ‘त्सोने’. शब्दाच्या शेवटीं हरवलेलें लिंगचिन्ह असें त्याच्या आरंभीं येऊन बसलें! ‘फारो’ या आपल्या ओळखीच्या शब्दाचीही गोष्ट अशीच मौजेची आहे. त्याचा मूळ अर्थ ‘मोठें घर’, म्हणजे राजवाडा. राजवाड्याचें नांव पुढें त्यांत राहणाऱ्या राजालाच मिळालें.

लिहिण्याच्या रीतीही अनेक होत्या. दगडावर कोरावयाची चित्रलिपि निराळी आणि लव्हाळ्याच्या लेखणीनें पपायरसवर झरझर लिहावयाची धांवती लिपि निराळी. आपल्या बाळबोधींत व मोडींत जसें अंतर, तसें. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकापासून व्यवहारांत डेमॉटिक ही आणखी धांवती लिपि आली.

पुढें शुभवर्तमान मिसर देशांत पोंचलें. शहरांतील सुशिक्षितांना ग्रीक कळे. खेड्यांतील शेतकऱ्याला तें कळत नसे. त्याच्यासाठीं पवित्र शास्त्राचें भाषांतर त्याच्याच बोलींत झालें. त्याकरितां ग्रीक अक्षरें घेतलीं, आणि ‘श’ यासारख्या ज्या ध्वनींना ग्रीकांत अक्षर नव्हतें त्यांच्यासाठीं डेमॉटिकमधून सहा-सात अक्षरें घेतलीं. फादर स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत रोमन अक्षरांत छापलें गेलें, त्याची येथें आठवण होते. या नव्या लिपीमुळें मिसरी शब्दांतील स्वर नियमानें लिहिले जाऊं लागले. हीच कॉप्टिक भाषा.

इकडे जुनी विद्या मावळत होती. चित्रलिपींतील ज्ञात असलेला शेवटचा लेख फिली येथील देवळांत इ. स. ३९४ सालीं कोरला गेला. डेमॉटिकमधील शेवटचा लेखही तेथेंच, इ. स. ४५२ चा. त्यानंतर त्या भिंती मुक्या झाल्या. सातव्या शतकांत अरबांचें राज्य आलें आणि आठव्याच्या आरंभीं कचेरींतील कामकाज अरबींत होऊं लागलें. कॉप्टिक कांहीं एका दिवसांत गेली नाहीं. कचेरींत अरबी, मग बाजारांत अरबी, आणि कित्येक पिढ्यांनंतर घरांत चुलीपाशींही अरबी, असें होत गेलें. उपासनेंत मात्र कॉप्टिक राहिली. आपल्या लेंकरांना ती कळेनाशी झाली हें पाहून तेराव्या शतकांतील कॉप्टिक विद्वानांनीं अरबींत तिचीं व्याकरणें व शब्दांच्या याद्या लिहून ठेविल्या.

त्यांचे श्रम कोठवर कामास आले पाहा! पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशानें (हा पुढें १६२३ सालीं गोव्यासही आला होता) तसलीं हस्तलिखितें युरोपांत नेलीं. त्यांच्या आधारें किर्खर या जेझुइट पंडितानें १६४३ सालीं कॉप्टिकवर ग्रंथ छापला. पुढें १७९९ सालीं रोझेटा येथें तीन लिपींचा शिलालेख सांपडला. शांपोलियन हा फ्रेंच तरुण लहानपणापासून कॉप्टिकच्या ध्यासानें वेडा झालेला होता. एका राजाच्या नांवांत प्रथम सूर्याचें चित्र, मध्यें एक चिन्ह आणि शेवटीं दोन ‘स’ त्यानें पाहिले. कॉप्टिकमध्यें सूर्याला ‘रे’ म्हणतात आणि जन्म देण्याला ‘मिसे’. तें नांव होतें रामसेस! निर्गमाच्या पुस्तकांतील नगराचें नांव तेंच. १८२२ सालीं त्यानें आपला शोध प्रसिद्ध केला, आणि मुक्या भिंती बोलूं लागल्या. रोझेटाच्या शिळेची कीर्ति सर्वत्र आहे. परंतु उपासनेंत जपलेली ती भाषा त्याला अवगत नसती, तर केवळ शिळेनें काम भागलें नसतें.

म्हणून मीं वर्गांत माझें उत्तर दुरुस्त केलें. मिसरी भाषा घरांतून गेली हें खरें. परंतु कॉप्टिक ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेंत, अरबीच्या जोडीनें, तिचे शब्द आजही उच्चारले जातात.

हें सांगून घरीं आलों. सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं माझ्या धाकट्या मुलानें प्रभूची प्रार्थना इंग्रजींत म्हटली. ती तो शाळेंत शिकला होता, आणि तोंवर तिचें मला कौतुकच वाटत असे. त्या दिवशीं मीं त्याला म्हटलें, “आतां मराठींत म्हण.” दुसऱ्याच वाक्यापाशीं तो अडखळला. दोष त्याचा नव्हता. आम्ही आईबापांनीं त्याला ती कधीं शिकविलीच नव्हती. तेव्हांपासून त्याची आजी रोज एक ओळ सांगते आणि तो ती तिच्यामागून म्हणतो. इंग्रजी प्रार्थना आम्हीं बंद केलेली नाहीं. घरांत दोन्हींना जागा आहे.