दोन कळसूबाईंच्या उंचीवरून
प्रवासाची दैनंदिनी : भाग पहिला

गुरुवार, अंबरनाथ

सगळे आईकडे जमलो. नवरा, लेक आणि मी बदलापूरहून, मावशी उल्हासनगरहून. लांबच्या प्रवासाआधी शिवमंदिरात जायचं, हा आमच्याकडचा रिवाज. वालधुनीकाठचं हे देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. शिखराचा वरचा भाग आता उरलेला नाही, पण खाली चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या दिसतात. ही भूमिज शैली परमारांच्या माळव्यात बहरली, आणि आम्हीही निघालो आहोत ते माळव्यातच, उज्जैनला. तिकडचे कारागीर इथवर चालत आले असतील का, हा विचार आज फार वेळ मनात राहिला.

उज्जैनजवळ मी विमानातून पॅराशूटची उडी घेणार आहे, आणि लेकीला आकड्यांत रस. "दहा हजार फूट म्हणजे किती गं?" कळसूबाई ५,४०० फूट. तिच्या माथ्यावर जवळजवळ दुसरी कळसूबाई ठेवायची आणि तिथून उडी घ्यायची. आई ऐकत होती. ती आता नको म्हणणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "शीतल महाजनने नऊवारी नेसून उडी मारली ना? मग जा तू." पुण्याच्या शीतल महाजनांनी २००४ मध्ये आयुष्यातली पहिली उडी उत्तर ध्रुवावर घेतली आणि २०१८ मध्ये थायलंडात नऊवारीत. आईने ते कात्रण जपून ठेवलं आहे.

मावशीने उल्हासनगरात शिवलेलं जीन्सचं जाकीट आणलं, वर थंडी असते म्हणून. खरंच असते. तीन किलोमीटर उंचीवर हवा जमिनीपेक्षा वीसेक अंशांनी गार.

शुक्रवार, गाडीत

संध्याकाळी कल्याणहून इंदूरची गाडी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. मला झोप नाही, बाकी सगळे गाढ.

शनिवार, दताना

उज्जैनजवळच्या या धावपट्टीवर मध्य प्रदेशच्या पर्यटन मंडळाने २०२२ पासून उड्यांचे महोत्सव भरवले आहेत. सकाळी धुकं होतं, ते विरेपर्यंत सगळे बसून राहिलो.

प्रशिक्षकाने शिकवलं ते थोडकंच. दारात बसलं की मान मागे, पाय विमानाखाली दुमडलेले. उतरताना पाय वर. बाकीचं तो पाहणार, कारण मी त्याच्या पुढ्यात खांद्यांपाशी आणि कमरेपाशी घट्ट जोडलेली असणार. मी विचारत सुटले आणि त्याने एकेक गोष्ट उलगडून दाखवली. त्याच्या पाठीवर दोन पॅराशूट, एक मुख्य आणि एक राखीव. ठरावीक उंचीपर्यंत वेग कमी झाला नाही, तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्रही त्यात असतं. हे कळल्यावर धीर आला. नुसतं "घाबरू नका" म्हटल्याने माझी भीती कधीच गेलेली नाही.

दार उघडलं तसा वारा अंगावर आला. मान मागे टाकली आणि आम्ही बाहेर. दोघांच्या वजनाने वेग फार वाढू नये म्हणून तो लगेच एक लहान छत्री सोडतो, तरी ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग असतोच. पोटात खड्डा पडेल असं वाटलं होतं, तो पडला नाही. वाऱ्यावर पालथं पडून राहिल्यासारखं वाटलं. ओरडले, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

साधारण एका कळसूबाईच्या उंचीवर मोठी छत्री उघडली आणि सगळं शांत झालं. लोक त्या आधीच्या अर्ध्या मिनिटाचं कौतुक करतात. माझ्या मते खरं सुख पुढच्या पाचेक मिनिटांत आहे. बोलता येतं, बघता येतं. खाली गव्हाची हिरवी शेतं, विहिरी, दूर उज्जैन. त्याने दोऱ्या माझ्या हातात दिल्या. उजवी ओढली की उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. मग पाय वर, आणि बसल्या बसल्या जमिनीवर.

खालच्यांनी काय पाहिलं ते नंतर कळलं. विमानाचा ठिपका झाला, आवाज मंदावला, आणि छत्री उघडेपर्यंत त्यांना आभाळात काहीच दिसलं नाही. मावशीने आईचा हात सोडला नव्हता. मला मात्र पडताना कुणाचीच आठवण आली नाही, इतकं ते सगळं अंगावर आलं होतं. त्या रिकाम्या आभाळाकडे बघत उभं राहणं माझ्या उडीहून अवघड होतं. म्हणून सांगते, घरच्यांना जरूर न्या, पण प्रशिक्षक समजावत असेल तेव्हा त्यांनाही शेजारी बसवा. राखीव पॅराशूटचं आईला आधी कळायला हवं होतं.

रविवार, उज्जैन

पहाटे महाकाल. आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी उभारलं, हे कळल्यावर आईने पुन्हा एकदा हात जोडले. मग पोहे-जिलेबी. लेकीला अठरा पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे, पण तिचं ठरलंय. "तेव्हा खाली तू उभी राहा," आई मला म्हणाली, "मी असेनच शेजारी." दुपारी इंदूरला आत्याकडे निघायचंय.

(क्रमशः)