ताम्रपर्णीकाठचं इंजिन

ताम्रपर्णीला पूर आला की होडी लागते, आणि ती वर्षातून मोजके दिवसच लागते. अडचणीचं मूळ इथंच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आमच्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा आम्ही नदीकाठची माणसं बाहेरून येणाऱ्या बोटींकडं डोळे लावून बसलो होतो. पण त्याच वेळी पूर शिरोळ आणि करवीर तालुक्यांनाही वेढून होता. बोटी आधी तिकडं जाणार, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. म्हणून आमच्या गावच्या मंडळानं पुढं वर्गणी काढून वेंगुर्ल्याकडची एक जुनी फायबरची होडी आणि तिच्या मागं लावायचं जुनं इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड, विकत घेतलं. पुढचे पावसाळे बरे गेले. होडी शेडमध्ये पालथी पडली, इंजिन लाकडी घोड्यावर उभं राहिलं. मंडळातली पोरं गोव्याला आणि पुण्याला कामाला लागली. पावसाळ्यात गावात हमखास असणाऱ्यांत मी एक, म्हणून शेडची किल्ली माझ्याकडं आली. मी काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिते. इंजिनाला त्याआधी कधी हात लावला नव्हता.

मे महिन्यात ते सुरू करून बघायचं ठरलं आणि झाकण काढल्यावर मी नुसती बघत राहिले. काय कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, काही लक्षात येईना. पंधरा अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक इंजिन. वजन ३५-३६ किलो. वर डोकं, मध्ये लांब पाय, खाली पंखा. पेट्रोलची टाकी इंजिनावर नाहीच. ती होडीच्या तळाशी वेगळी ठेवायची, तिच्यातून रबरी नळी निघते, नळीच्या मध्यावर हातानं दाबायचा रबरी फुगा. फुग्यावर बाण होता. बाण इंजिनाकडं हवा, एवढं तरी मला अंदाजानं कळलं.

दोरी ओढली तर ती हललीच नाही. बघायला जमलेल्यांपैकी कुणी म्हणालं जाम झालंय, कुणी म्हणालं उकळतं पाणी ओता, कुणी म्हणालं भंगारात घाला. ज्यांच्याकडून इंजिन घेतलं होतं त्या वेंगुर्ल्याच्या मच्छीमार काकांना मी फोन लावला. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, "गिअर खंय आसा बघलंस काय?" दांडा पुढच्या गिअरमध्ये होता. गिअर मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये आणल्याशिवाय बऱ्याच आऊटबोर्डांची दोरी सुटतच नाही. तशी सोय मुद्दाम केलेली असते, नाहीतर इंजिन लागताच होडी झेप घेईल आणि उभा माणूस पाण्यात जाईल. दांडा मध्ये आणला, दोरी सरसर आली. पण इंजिन मुकंच.

काकांचा पुढचा प्रश्न होता, "तांबडी दोरी आसा मा?" ती नव्हती. इंजिन बंद करायच्या बटणामागं एक छोटी क्लिप बसते आणि तिची तांबडी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असते. माणूस तोल जाऊन पडला तर क्लिप निघते, प्लगचा करंट तुटतो आणि इंजिन तिथंच थांबतं. नाहीतर रिकामी होडी गरगर फिरत, पंख्यासकट, पडलेल्या माणसावरच परत येऊ शकते. क्लिप नसेल तर करंट नाही, करंट नसेल तर दोरी ओढून खांदा निखळला तरी उपयोग नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसं गेली. पुरातली होडी म्हणजे निव्वळ सुटका नव्हे, हे त्यानंतर आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी शेडमध्ये तपासणीपुरता प्लॅस्टिकचा तुकडा कापून बटणामागं बसवला. पण खरी क्लिप आल्याशिवाय ही होडी पाण्यात जाणार नाही, हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगून टाकलं.

तुकडा बसवूनही इंजिन लागेना, तेव्हा मी तात्यांना बोलावलं. तात्या आमच्याकडची पाण्याची इंजिनं, औषध फवारायचे पंप, लाकूड कापायच्या मशिनी दुरुस्त करतात. आऊटबोर्ड त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं. भोवती एक फेरी मारून म्हणाले, "वैनी, टू-स्ट्रोकच हाय की. लुनात आन् ह्यात फरक पंख्याचा. आता दोरी वडायची थांबवा. आधी करंट, मग दाब, मग पेट्रोल." माझा गोंधळ खऱ्या अर्थानं तिथं कमी व्हायला लागला. तोवर मी इंजिनाकडं एक अखंड, बंद वस्तू म्हणून बघत होते. आता तिचे तीन प्रश्न झाले होते आणि एका वेळी एकच विचारायचा होता.

दोन्ही प्लग काढले. त्यांच्यावर बी७एचएस-१० असं कोरलेलं होतं. त्यातला शेवटचा १० म्हणजे टोकांमधली फट एक मिलिमीटर. पेट्रोलची टाकी आणि नळी आधी शेडबाहेर नेली, सिलिंडरात राहिलेली वाफ जाऊ दिली. मग प्लग टोपीत घालून त्यांचं लोखंड इंजिनाच्या अंगाला टेकवलं, प्लगच्या भोकांपासून लांब. टोपी मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढू नये, त्यानं कॉइल जळायची भीती असते, हेही तात्यांनी बजावलं. अंधारासाठी शेडचं दार ओढून घेतलं. दोन्ही प्लगांवर निळी, कडक ठिणगी तडतडली. तांबूस आणि अशक्त ठिणगी असती तर काम चाकाखालच्या कॉइलपर्यंत गेलं असतं.

दाब बघायला तात्यांकडं मीटर नव्हता. त्यांनी प्लगच्या भोकावर अंगठा दाबला आणि मला दोरी ओढायला लावली. अंगठा जोरात उडाला पाहिजे, आणि दोन्ही भोकांवर सारखाच. तो उडाला. म्हणजे पिस्टन आणि रिंगा जिवंत होत्या. ज्या इंजिनाला भंगारात घालायला सांगितलं होतं, त्याची सगळ्यात महागडी बाजू शाबूत होती. मला इतका आनंद झाला की मी तात्यांना परत एकदा अंगठा ठेवायला लावला.

तिसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी केलेली युक्ती मला अजून थक्क करते. ताज्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून त्याचे चार थेंब प्लगच्या भोकातून आत सोडले, प्लग घट्ट बसवले, टोप्या लावल्या आणि दोरी ओढली. इंजिन एकदम भडकलं, धूर सोडला, क्षणभर फिरलं आणि मेलं. तात्यांचा चेहरा उजळला. आत चार थेंब गेले तर ते चार थेंबांपुरतं चालतं, म्हणजे बाकी सगळं ठीक आहे. पेट्रोलच पोचत नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल आम्ही काचेच्या बाटलीत काढलं. थोड्या वेळानं बाटलीत दोन थर दिसायला लागले. वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, खाली पाण्यासारखा फिकट थर. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिला होता आणि शेडला चंदगडचा पावसाळा लागला होता. जुलैत आमच्याकडं भिंतींना ओल सुटते आणि मिठाचा डबा पाणी सोडतो, तिथं टाकी कोरडी कशी राहील?

या दोन थरांचं कारण मी नंतर समजून घेतलं, आणि ते आमच्या शेतातच सापडलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात विक्रीला आलं आणि २०२५ मध्ये ते बहुतेक पंपांवर नेहमीचं झालं. हे इथेनॉल उसापासूनही होतं. आमच्या नदीच्या दोन्ही काठांना ऊसच आहे, त्यामुळं त्याला सरसकट दोष देणारी मी नाही. गाडी रोज फिरते, तिच्या टाकीतलं पेट्रोल मुरत बसत नाही. पण वर्षभर उभ्या असलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये दिसतही नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात, आणि टाकीतली ओढनळी नेमकी तळाला टेकलेली असते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधून. ते ऑइल वरच्या थरात राहतं. म्हणजे तळाचा थर ओढून इंजिन कसंबसं चाललंच असतं, तर ते बिनवंगणाचं घासत गेलं असतं. सुरू झालं नाही हेच त्याचं नशीब.

कार्बोरेटर खोलला तेव्हा तळाच्या वाटीत हिरवट चिकट साका होता आणि लहान जेटचं भोक पार बुजलेलं. तात्यांनी वायरमधली तांब्याची एक तार सोडवून घेतली. तांबं मऊ, त्यानं भोक मोठं होत नाही. सुई घातली की जेट वाया जातो. स्प्रे मारला, जेट उजेडाकडं धरला, आणि त्यातून आरपार दिसलेला उजेडाचा ठिपका मी विसरणार नाही. इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पातळ पडदा मात्र कडक होऊन सुरकुतला होता. फुगाही दाबून घट्ट होत नव्हता, कुठंतरी हवा धरत होता. बेळगावात पडदा मिळाला नाही. काकांनी पडदा, नवी नळी आणि खरी तांबडी दोरी वेंगुर्ल्याहून पाठवली. आंबोली घाट चढून आलेलं ते पार्सल मी पाटणे फाट्यावर जाऊन घेतलं.

आऊटबोर्ड कोरडं चालवायचं नाही. पाय पाण्यात नसेल तर आतला रबरी इंपेलर काही क्षणांत जळतो. म्हणून लोखंडी बॅरल पाण्यानं भरून त्याच्या कडेला फळी बांधली आणि इंजिन त्यात उतरवलं. पाच लिटर पेट्रोलला शंभर मिली टू-स्ट्रोक ऑइल. हवेचा स्क्रू उघडला, फुगा दगडासारखा घट्ट होईपर्यंत दाबला, चोक ओढला. इंजिन लागलं. शेडभर निळा धूर झाला आणि चोक मागं ढकलताच आवाज एकसारखा झाला. पोरं ओरडायला लागली, पण मी इंजिनाच्या मागच्या छोट्या भोकाकडं बघत होते, कारण काकांनी तेवढंच तीनदा सांगितलं होतं. तिथून पाण्याची धार पडली पाहिजे. ती पडली तरच आत थंड करणारं पाणी फिरतंय. धार नव्हती. मी तांबडी दोरी खेचली आणि इंजिन बंद झालं.

भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. तारेनं ते पोखरून काढलं. परत इंजिन लावलं तेव्हा धार आली, पण बारीक. तात्या म्हणाले, इंपेलरच्या पाकळ्या इतक्या वर्षांत एका बाजूला दबून बसल्या असणार.

आता जुनं पेट्रोल टाकीत ठेवायचं नाही, असं ठरलं आहे. काम झालं की नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन बॅरलात चालवायचं, आणि पावसाळ्याचे चार महिने दर आठवड्याला ताज्या पेट्रोलवर सुरू करून बघायचं. माझ्याशिवाय आणखी दोघींना दोरी, क्लिप आणि धार एवढं तरी आलंच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. एकीनं शिकायला सुरुवातही केली आहे. इंपेलर बदलायला इंजिनाचा पाय खाली उतरवावा लागतो. ते काम बघून शिकायला तात्या आणि मी इंजिन टेम्पोत घालून वेंगुर्ल्याला जाणार आहोत, मृग लागायच्या आत.