‘नाही’च्या पुढे

ईदच्या तयारीत आता बांगड्यांसोबत ‘ओम्ब्रे’चेही नाव निघते. मुळाशी केस काळे, टोकांकडे हळूहळू तपकिरी नाहीतर सोनेरी. मुली विचारतात आणि आम्हा आयांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘नाही’. मुलींना मात्र कारण हवे असते.

आमच्या घरी ते कारण केसांनीच सांगितले. काळे केस फिके करायला ब्लीच लागते. त्यासाठी ब्लीच पावडरमध्ये बहुधा 6 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड कालवतात. हातमोजे घालून, डोक्याच्या त्वचेला न लागू देता, ते हनुवटीखालच्या केसांनाच लावायचे. पण लेकीच्या केसांवर कित्येक वर्षे पुडीतली ‘काळी मेंदी’ लागलेली. अशा काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांवर ब्लीच पडले तर केस तापून तुटू शकतात. म्हणून आधी कंगव्यात आलेल्या केसांची बट काचेच्या वाटीत ब्लीचमध्ये ठेवली. थोड्या वेळाने बट गरम लागली आणि ओढताच तुटली.

“अम्मी, राहू दे,” लेकच म्हणाली.

टोकांना आम्ही मेंदीच्या पानांची साधी पूड लावली. मेंदीने काळा केस फिका होत नाही, उन्हात लालसर झाक तेवढी दिसते. केसांवर थर बसत नाही, त्यामुळे वुजू-गुस्लचीही शंका नाही.

केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. रंगवलेले केस कापले जाईपर्यंत दोन-तीन वर्षे थांबायचे तिने ठरवले आहे. सब्र आम्ही शिकवला नाही, तो तिने स्वतः निवडला.