तुम्हीसुद्धा

बी.एड.च्या प्रशिक्षणात एक सहकारी कौतुकानं म्हणाले, "सर, तुम्हीसुद्धा छान मराठी बोलता!" त्यांच्या मनात काही नव्हतं. तरी तो 'सुद्धा' रुतून बसला.

पुढे एकदा हौसेनं स्पॅनिशचं पुस्तक घेतलं. त्यात वाक्य होतं : 'हस्ता लोस निन्योस लो साबेन', म्हणजे हे लहान मुलांनासुद्धा ठाऊक आहे. हा 'हस्ता' म्हणजे अरबी 'हत्ता'! उर्दूच्या तासाला मी फळ्यावर 'हत्ता कि' लिहितो, तोच. दोन्हीकडे अर्थ 'पर्यंत' आणि 'सुद्धा'. १४९२ मध्ये ग्रानाडा पडलं, १६०९ पासून मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं. शब्द मात्र राहिला. आज निरोप घेताना स्पॅनिश माणूस 'हस्ता मान्याना' म्हणतो, तेव्हा या शब्दाला कोणी 'तू इथला कसा?' असं विचारत नाही.

त्याच पुस्तकात पुढे 'से पारेसे आ सु माद्रे' होतं : तो आईसारखा दिसतो.

त्या सहकाऱ्यांना तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचतं. "सर, मी माझ्या अम्मीसारखं बोलतो. ती घरात मराठीच बोलायची."

यात 'सुद्धा' कुठं लावायचा, ते तुम्हीच सांगा.